फोनच्या तक्रारी दोनच, बाकीच्या माणसांच्या

पत्र:

नमस्कार ताई, मी वारज्याला राहते, वय ४९, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. माझा फोन २०२१ च्या दिवाळीत घेतलेला, १४ हजाराचा. चालतोय. पण दुपारी तीन वाजले की बॅटरी १५ टक्क्यांवर, आणि सारखं स्टोरेज फुल, स्टोरेज फुल. मुलगी हिंजवडीत जॉबला आहे, ती म्हणते आई तो डबा फेक आता, थोड्या दिवसांनी त्यावर व्हॉट्सॲप चालणार नाही आणि फोर जी पण बंद होणारे. मिस्टर म्हणतात सेल चालूये, जीएसटी पण कमी झालाय, नो कॉस्ट ईएमआयवर चोवीस-पंचवीस हजाराचा घेऊन टाक, व्याजच नाही तर बिघडतं कुठे. मला मनातून नको वाटतं, चालती वस्तू टाकायची कशाला. पण खरं सांगू का, आमच्या भिशीत बारा जणी आहोत, आधी ग्रुप फोटो कायम मी काढायचे. आता गेल्या दोन भिश्यांना कुणीतरी म्हणालं, थांब गं, तुझ्यात नको, हिच्यात काढू, हिचा नवीन आहे. हसत म्हणाल्या, पण लागलं मला. काय करू?
– एक वारजेकर

उत्तर:

वारजेकर ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन खुणा केल्या, तर फोनच्या तक्रारी निघाल्या दोन. बॅटरी आणि स्टोरेज. बाकी लेकीची घाई, मिस्टरांचा सेल आणि भिशीतलं ते वाक्य, यातलं काहीच फोनच्या आत नाहीये त्यामुळे नवीन फोन आणून ते दुरुस्त होईल याची मला तरी खात्री नाही.

उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. या दिवाळीत फोन घेऊ नका, बॅटरी बदला. पण बॅटरी बदलायच्या आधी फोनमधली एक तारीख बघा (कुठली ते खाली सांगते), ती तारीख फारच जुनी निघाली तर मात्र लेकीचं ऐका, फक्त तिने दिलेल्या कारणांसाठी नाही.

लेकीचं म्हणणं आधी घेऊ कारण ते पटकन संपणारं आहे. व्हॉट्सॲप जुन्या फोनवर बंद होतं हे खरंय, पण किती जुन्या? १ जानेवारी २०२५ पासून त्यांनी अँड्रॉइड किटकॅट सोडलं, म्हणजे २०१३ सालचं व्हर्जन, तेव्हापासून अँड्रॉइड ५ किंवा त्याच्या पुढचं लागायला लागलं. तुमचा फोन २०२१ चा, त्यात बहुतेक अँड्रॉइड ११ तरी असेल, म्हणजे तुमचा नंबर यायला अजून बराच अवकाश आहे. आणि फोर जी बंद होणार हे तर मी रिक्षात पण ऐकलंय, पार्लरमध्ये पण ऐकलंय. अहो बीएसएनएलने स्वतःचं स्वदेशी फोर जी देशभर सुरू केलं तेच सप्टेंबर २०२५ च्या शेवटी! सत्त्याण्णव हजारांवर टॉवर उभे केलेत, ते काय पुढच्या वर्षी काढून टाकायला? फाइव्ह जी आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, छान आहे, स्पीड आहे, पण शाळेचे ग्रुप, यूपीआय, व्हिडिओ कॉल आणि रात्रीची एखादी मालिका याला फोर जी व्यवस्थित पुरतं. लेक आयटीत आहे म्हणून तिला घरातल्या सगळ्या मशीनमधलं कळतं असं समजायचं कारण नाही, माझ्या घरात पण एक आयटीवाला आहे, मिक्सरचा फ्यूज त्याला अजून सापडलेला नाही.

आता बॅटरी. तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी तक्रार हीच.

फोनमधली लिथियम आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली सोनीने १९९१ साली, तेव्हापासून कंपन्या बदलल्या, आकार बदलले, पण तिचा स्वभाव काही बदलला नाही, ती वापरली तरी झिजते आणि नुसती कपाटात ठेवली तरी झिजते. हिशोब सायकलमध्ये करतात. म्हणजे आज ६० टक्के वापरली, उद्या ४० टक्के वापरली, की झाली एक सायकल. साधारण ५०० ते ८०० सायकल झाल्या की मूळच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर येते आणि मग तिथून पुढे उतार वाढतच जातो. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच केलाय की ८०० सायकलनंतरही बॅटरी निदान ८० टक्के राहिली पाहिजे, यावरूनच कळतं की त्याआधी काय परिस्थिती असणार. तुम्ही चार वर्षं रोज फोन चार्ज करताय, हजाराच्या पुढे सहज गेला असाल, तेव्हा तीन वाजता १५ टक्के म्हणजे फोन बिघडलेला नाहीये, त्याची बॅटरी वयाप्रमाणे वागतीये, बास. कधीकधी २० टक्के दाखवत असताना फोन फटकन बंद पडतो आणि चार्जरला लावला की परत १८ दाखवतो, ते पण तेच, आतला रेझिस्टन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढलेला असतो, जरा जोर लागला की व्होल्टेज पडतं.

पूर्वी हे फार सोपं होतं हो. नोकियाच्या ११०० चं मागचं झाकण नखाने उघडायचं, बीएल-५सी बॅटरी काढायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणायची, संपलं. आता पाठ चिकटवलेली असते त्यामुळे लोकांना वाटतं बॅटरी बदलताच येत नाही, आणि तसं वाटणं कंपन्यांच्या सोयीचंच आहे म्हणा.

बदलता येते. पहिलं काम, तुमच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की या मॉडेलची बॅटरी आहे का, किती पैसे आणि किती वेळ. तुमच्यासारख्या फोनला एक-दोन हजाराच्या आसपास सांगतील. तिथे पार्ट नाही म्हणाले तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहेच, आणि गाडी घेऊन अजिबात जाऊ नका, पार्किंग शोधण्यात दिवस जाईल, वनाजहून मेट्रो पकडा, सिव्हिल कोर्टला बदला आणि मंडईला उतरून चालत जा. मागे मी भाच्याचा फोन घेऊन गेले होते तेव्हा मुद्दाम स्टूल ओढून बसले होते बघत. पोरगा असेल बावीस-तेवीस वर्षांचा. त्याने फोन आधी एका गरम पॅडवर ठेवला, डिंक सैल होईपर्यंत, मग कडेने प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवत सरकवत सगळीकडून फिरवली, पाठ निघाली. आत इवलेसे स्क्रू, ते त्याने चुंबकाच्या चटईवर ज्या जागचे त्या जागेला मांडून ठेवले, कारण एखादा स्क्रू बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त लांब असतो आणि तो चुकीच्या भोकात बसला तर बोर्डालाच भोक. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, मग बॅटरीखालची चिकटपट्टी हळूहळू ओढली, कुठेही स्क्रूड्रायव्हर खुपसला नाही. हे बघायचं असतं. जो माणूस बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटतो त्याच्याकडून फोन परत घेऊन घरी यायचं, लिथियमच्या बॅटरीला टोचलं तर ती पेटते, तिथे भीड कामाची नाही.

तेव्हा तिकडे गेलात तर तीन गोष्टी सांगते. काम डोळ्यासमोर करून घ्यायचं, मागे नेऊन करतो म्हणाला तर नमस्कार. बिल मागायचं आणि त्यावर बॅटरीची गॅरंटी लिहून घ्यायची, तोंडी गॅरंटी गल्लीच्या टोकापर्यंतच चालते. आणि फोन एकदा उघडला की त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहत नाही, तेव्हा पुढच्या पावसात पिशवीत ठेवायचा. बाकी ओरिजिनल-ओरिजिनल असं तिथे सगळेच म्हणतात, त्यावर फार वेळ घालवू नका.

हो, आणि एक अपवाद. फोनची पाठ फुगल्यासारखी वाटत असेल, स्क्रीन कडेने उचललेली दिसत असेल तर आजच चार्जिंग बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका आणि सरळ सर्व्हिस सेंटर. त्यात उद्या-परवा नाही.

नवीन बॅटरी टिकवायची असेल तर बाकीचे नियम सोडा, तिला उष्णतेपासून वाचवा. आपल्याकडे बायका फोन कुठे चार्जिंगला लावतात? ओट्याजवळ, मिक्सरच्या प्लगमध्ये, शेजारी गॅस चालू. किंवा रात्री उशीखाली. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि लोक ॲक्टिव्हाच्या हँडलला फोन लावून वारजे ते हडपसर मॅप चालू ठेवतात. तिथे जीव जातो बॅटरीचा. ऐंशी टक्क्याला काढा, वीसच्या खाली जाऊ देऊ नका वगैरे सगळं बरोबर आहे पण ते पाळायला माणूस लागतो दुसरा, तुम्ही फक्त ओट्यावरून उचला.

स्टोरेजचं लवकर सांगते. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, त्यात स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्लीये ते उतरत्या क्रमाने दिसतं आणि पहिले तीन ग्रुप बघून तुम्हाला हसू येईल, कारण तेच ते निघतात, माहेरचा ग्रुप, सोसायटी आणि शाळा. मोठे व्हिडिओ तिथूनच एकगठ्ठा उडवा. मग ऑटो डाउनलोड बंद करा, म्हणजे रोज सकाळची फुलं आणि सुविचार आपोआप फोनमध्ये येऊन बसणार नाहीत, बघायचे असतील तेव्हा टच करून बघा. फोटोंचं म्हणाल तर गूगल फोटोजमध्ये पूर्वी कितीही फोटो फुकट ठेवता यायचे ते १ जून २०२१ पासून बंद झालं, आता १५ जीबी फुकट आणि त्यातच जीमेल, त्यातच ड्राइव्ह, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता त्यातच मोजतात. म्हणून लोकांना एकदम दोन-दोन ठिकाणाहून फुल-फुल यायला लागलं. फोनची जागा वेगळी आणि गूगलची जागा वेगळी, मेसेज कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर इकडचं पुसत बसाल आणि भरलेलं तिकडे असेल. एखाद्या रविवारी लेकीला बसवा शेजारी, डबा फेक म्हणण्यापेक्षा ते जास्त उपयोगी काम आहे.

आता ती तारीख. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन, तिथे सिक्युरिटी अपडेट असं लिहून पुढे महिना आणि वर्ष असतं. काही फोनमध्ये जरा इकडेतिकडे असेल पण असतं. फोन म्हणजे घर धरा, तर हे अपडेट म्हणजे दाराची कडी, चोरांना नवीन युक्ती सापडली की कंपनी कडी दुरुस्त करून पाठवते. २०२१ सालच्या चौदा हजाराच्या फोनला कंपन्या साधारण दोन-तीन वर्षंच हे पाठवायच्या, तेव्हा तुमच्याकडे २०२३ किंवा २०२४ दिसायची शक्यता जास्त. २०२४ चा मध्य किंवा त्यापुढचं असेल तर बिनधास्त बॅटरी बदला आणि वर्ष-दीड वर्ष वापरा. २०२२ दिसलं आणि त्याच फोनवर तुमचं पगाराचं खातं, यूपीआय, मिस्टरांच्या एफडी असं सगळं असेल, तर मी बॅटरीवर पैसे घालणार नाही, ते नवीन फोनमध्ये घालीन. मधल्या २०२३ वाल्यांना काय सांगायचं यावर मी स्वतःशीच बरीच भांडले आणि शेवटी या मतावर आले की बॅटरी बदला, पण बँकेचं ॲप त्या फोनवरून काढून टाका आणि यूपीआयला थोडेच पैसे असलेलं वेगळं खातं जोडा.

असं का म्हणते, तर आपल्याकडे लोकांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा कडी मोडून जात नाहीत, आपणच दार उघडतो म्हणून जातात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, आरटीओचं चलान म्हणून येते, नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ती उघडली की ते ॲप होऊन बसतं आणि तुमचे ओटीपीचे एसएमएस वाचायला लागतं, मग फोन चौदा हजाराचा असो नाहीतर लाखाचा. लग्नपत्रिका ही फोटो असते किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते. एवढं भिशीत सगळ्यांना सांगा. आणि कुणाचं झालंच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त.

मिस्टरांकडे वळते. त्यांना हे वाचायला दिलंत तरी चालेल. एक, मोबाईलवरचा जीएसटी कमी झालेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी, मोठे टीव्ही, डिशवॉशर यांचा २८ वरून १८ झाला, मोबाईलवर २०२० पासून १८ होता आणि १८ च आहे. सेलच्या जाहिराती सगळ्या एकाच लाल-पिवळ्या रंगात असतात त्यामुळे टीव्हीची सूट फोनला चिकटते डोक्यात. दोन, नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते व्याज दुसऱ्या नावाने कुठेतरी घातलेलं असतं. आता कसं करतात, तर व्याज लावतात आणि तेवढीच रक्कम सुरुवातीला सूट म्हणून वजा करतात. समजा फोन २४ हजाराचा, सहा हप्ते चार-चार हजाराचे, बँकेचा दर १६ टक्के. म्हणजे कर्ज झालं साधारण २२,९१९ चं आणि व्याज साधारण १,०८१. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, १९५ रुपये, तो तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी, समजा १९९, त्यावर परत जीएसटी, झाले २३५. म्हणजे बिनव्याजी म्हणता म्हणता ४३० रुपये गेले. फार नाहीत, मान्य, त्याच्यावरून घरात भांडू नका! पण ४३० पेक्षा जास्त नुकसान दुसरीकडे आहे, ते म्हणजे त्याच फोनला एकरकमी घेणाऱ्याला जी वेगळी सूट असते ती ईएमआयवाल्याला बरेचदा मिळत नाही, ती दुकानदार बोलून दाखवत नाही, तुम्ही विचारायची असते. आणि त्याहून जास्त म्हणजे चौदाचं बजेट चोवीसवर कधी गेलं ते कळतच नाही, कारण समोर दिसतात फक्त चार हजार. व्याज नाही तर बिघडतं कुठे, असं मिस्टर म्हणतात ना, इथे बिघडतं. तुम्हाला चोवीसचा फोन हवाय असं तुमच्या पत्रात कुठेच नाहीये.

खरंतर ट्रेंडची मला गंमतच वाटते. २०१६ मध्ये ॲपलने हेडफोनचं भोक काढून टाकलं, मग एकेक करून बऱ्याच महागड्या फोनमधून ते गेलं, सगळ्यांनी ते कानातले बिनवायरचे मणी घेतले, त्यातला एक कायम हरवलेला. आणि आता एफसी रोडला बघा, कॉलेजच्या मुली परत वायरवाले इअरफोन घालून फिरतायत, ते आता स्टायलिश झालंय म्हणे! काहीजण जुने डिजिटल कॅमेरे शोधायला रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारतात कारण त्यातले फोटो जरा धुरकट येतात आणि तसे आता आवडतात. म्हणजे तुमच्या चौदा हजाराच्या फोनला खाली गोल भोक असेल तर लेकीला सांगा, डबा नाही, व्हिंटेज आहे.

भिशीचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्ही ते पत्रात खाली लिहिलंत, पण खरं सांगू का असं म्हणून लिहिलंत, तेव्हा पत्र त्याच्यासाठीच असणार. त्या बायकांच्या मनात काही नसेल, नवीन फोन घेतलेल्या बाईला तो बाहेर काढायला निमित्त हवं असतं आणि बाकीच्या तिला ते देतात, एवढंच असतं बहुतेक वेळा. पण तुम्हाला लागलं ते फोनला डबा म्हटल्याचं नाहीये. बारा जणींना ओळीत उभं करायचं, उंच आहे तिला मागे घालायचं, पदर नीट कर गं म्हणायचं, हसा म्हणायचं, हे काम तुमचं होतं आणि ते फोनबरोबर दुसरीकडे गेलं. मग काम तेवढं परत घ्या ना. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की हिच्यात काढू, तर म्हणा, काढूया, आण इकडे, मी काढते, तू पण ये फोटोत. तिला पण हवंच असतं, नवीन साडी नेसून ती काय फोटोच्या बाहेर उभी राहणारे का? यासाठी पंचवीस हजार घालायची गरज नाही.

आणि तुमच्या फोनमधून काढायचा असेल तर आधी पाठीमागची काच पुसा, रुमालाने नाही, चष्म्याच्या फडक्याने. चार वर्षं बोटं लागून, तेलकट हात लागून तिच्यावर थर बसतो आणि दिव्याभोवती धुरकट वलय येतं, त्याला लोक कॅमेरा गेला म्हणतात. ट्यूबलाइट बायकांच्या मागे न ठेवता तुमच्या पाठीशी घ्या. मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका, व्हॉट्सॲपवर टाकला की तो फोटो दाबून लहान करतंच, मग पन्नास काय आणि दोनशे काय.

कधीतरी नवीन घ्यावाच लागेल, त्या दिवशी दुकानात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नको, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार हा विचारा. गूगलच्या पिक्सेल ८ ने आणि सॅमसंगच्या एस२४ ने सात वर्षांचं आश्वासन दिलं, ते महागडे झाले, पण सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए१६ फाइव्ह जी सारख्या त्यामानाने स्वस्त फोनलाही सहा वर्षांचं दिलंय, म्हणजे आता शोधलं तर मिळतं. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली घेऊ नका. आणि एका हातात धरून अंगठा पलीकडच्या कोपऱ्यात पोचतो का ते दुकानातच बघा, पीएमपीएमएलच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरलेला असतो तेव्हा ते कळतं. सेकंडहँड कुणी देऊ केला तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, केवायएम लिहून पुढे जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं.

जुना फोन मात्र लगेच एक्स्चेंजला देऊ नका, आठ-दहा दिवस दोन्ही जवळ ठेवा. यूपीआय सिमला आणि फोनला बांधलेलं असतं, नव्या फोनमध्ये सिम टाकून सगळं परत सुरू झालंय, व्हॉट्सॲपचा बॅकअप उतरलाय, शाळेच्या कामाचे फोटो आलेत हे बघा आणि मगच जुना पुसा. पुसताना आधी गूगल अकाउंट काढायचं आणि मग फॅक्टरी रिसेट, उलटं केलंत तर फोन परत उघडताना तो जुन्याच गूगल अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो. मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्या. आणि तो पासवर्ड आत्ताच, म्हणजे अगदी आज संध्याकाळी, एका वहीत लिहून ठेवा, एक्स्चेंजवाला दारात उभा आणि तुम्ही लेकीला फोन लावून विचारताय की तो २०२१ मध्ये तू काय ठेवला होतास, असं व्हायला नको.